पावसातला एकच दिवस: पन्हाळा की कोल्हापूर शहर?

पाहुणे एका दिवसासाठी आलेत आणि बाहेर धो धो पाऊस. आमच्या घरी दर जुलैत हा प्रश्न येतो.

शहर सोयीचं. अंबाबाईचं दर्शन, भवानी मंडप, मग टाऊन हॉलचं संग्रहालय. तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननातला पोसायडनचा छोटा कांस्य पुतळा आहे. पंचगंगेच्या काठी ग्रीक समुद्रदेव सापडतो, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथला व्यापार कुठवर पोचला होता बघा! तो दाखवल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. शिवाय भिजून आल्यावर गरम मिसळ चार पावलांवर.

पन्हाळा वीसेक किलोमीटरवर. धुकं उतरलं की सज्जा कोठीवरून दरी दिसत नाही, म्हणून बरेच जण हिरमुसतात. मला ते पटत नाही. जुलै १६६० मध्ये महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून विशाळगडाकडे निघाले, ते अशाच पावसाळी रात्री. तीन दरवाजाच्या दगडांवरून पाणी ओघळताना बघितलं की ती रात्र अंगावर येते. उन्हाळ्यात हे होत नाही. पाऊस जास्तच झाला तर अंबरखान्याच्या जाड भिंतींचा आडोसा आहे.

सोबत म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल असेल तर शहरच. शेवाळलेल्या दगडांवर पाय घसरतो. नदी पात्राबाहेर आली असेल, तरीही शहरच. एरवी छत्री घरी ठेवा, रेनकोट घाला आणि सकाळी आठच्या आत पन्हाळ्याला निघा.