सिएनाला जाताय? ब्रुनेल्लोच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं ते वाचा

इटलीतल्या टस्कनीत कुणी 'डायरेक्ट मळ्यावरून, दुकानाच्या निम्म्या भावात' ब्रुनेल्लो, म्हणजे तिथल्या मोंताल्चिनो गावची महागडी रेड वाईन, देतो म्हणाला तर दोन मिनिटं थांबा. आम्हाला सिएनात असाच एकजण भेटला. जिथे राहिलो त्या घरमालकिणीनेच नंबर दिला होता, माणूस एकदम गोडबोल्या, काकांचे मोंताल्चिनोला द्राक्षमळे आहेत म्हणे, आणि समोर ठेवल्या तीन बाटल्या, ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो रिझर्वा २०१९ (रिझर्वा म्हणजे जास्त मुरवलेली, २०१९ हे द्राक्षं तोडल्याचं साल). एकेक ४५ युरोला, फक्त कॅश, बिल मागितलं तर म्हणे घरचाच माल आहे, बिल कसलं! आमच्या ह्यांनी आणि मी वाटून बॅगेत भरल्या, कारण आपल्याकडे येताना ड्युटी न भरता माणशी २ लिटरच दारू चालते.

हे सगळं ऑक्टोबर २०२४ मधलं. महिना मुद्दाम सांगतेय कारण खरी मेख तिथेच आहे. ब्रुनेल्लो फक्त सांजोव्हेझे द्राक्षाची, निदान २ वर्षं लाकडी पिंपात मुरवायची, आणि तोडणीनंतर पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी विकायलाच परवानगी नाही. रिझर्वाला अजून एक वर्ष. म्हणजे २०१९ ची साधी ब्रुनेल्लो तेव्हा दुकानांत होती, आम्ही पाहिलीही होती, त्यामुळे साल बघून काही खटकलं नाही, पण रिझर्वा २०१९ येणार होती जानेवारी २०२५ ला! लेबल छापणाऱ्याला भलतीच घाई.

पुण्यात बाटली फोडली तर ग्लासात जांभळाच्या रसासारखा गडद, निळसर रंग. मुरलेली सांजोव्हेझे अशी दिसत नाही, तिचा लाल रंग बराच पातळ असतो आणि कडेला विटकरी झाक येते. माझा दीर हॉटेल लाइनमधला, त्याने ग्लासाकडे बघितलंच नाही, बाटली हातात घेऊन म्हणाला, "वहिनी, गळ्यावरची पट्टी कुठंय?" अस्सल ब्रुनेल्लोच्या बुचावरून गळ्यावर उतरणारी कागदी पट्टी असते, डीओसीजी (इटालियन वाईनचा सगळ्यात वरचा सरकारी दर्जा) लिहिलेली, इटलीच्या सरकारी टांकसाळीत छापलेली, प्रत्येकीवर वेगळा नंबर. आमच्या तिन्हींवर नुसता सोनेरी स्टिकर.

मग त्याने उरलेल्या दोन बाटल्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्या. रिझर्वाचं लेबल सुटून वर आलं आणि खाली निघालं दुसरं, नुसतं 'व्हिनो रोस्सो', म्हणजे 'लाल वाईन', सालच नाही, अल्कोहोल १२ टक्के. ब्रुनेल्लोला किमान साडेबारा लागतं!! म्हणजे सुपरमार्केटची स्वस्त वाईन आणि वर चिकटवलेला कागद.

त्या माणसाचा फोन बंद. मालकिणीने हात वर केले, 'मी फक्त नंबर दिला.' कॅश दिलेली, त्यामुळे बँकेकडूनही काही होणार नव्हतं.

२००८ मध्ये काही नामांकित वायनरींवरच दुसरी द्राक्षं मिसळल्याचा संशय येऊन माल अडकवून ठेवला होता, पण ते प्रकरण वेगळं, इथे तर सरळसरळ चोरी.

घ्यायचीच असेल तर मोंताल्चिनोच्या किल्ल्यातच वाईनचं दुकान आहे, तिथून किंवा कुठल्याही बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, पट्टी आणि साल दोन्ही बघून. बजेट नसेल तर सरळ रोस्सो दी मोंताल्चिनो मागा, तेच द्राक्ष, त्याच टेकड्या, फक्त कमी मुरलेली आणि बरीच स्वस्त. आम्ही त्या पैशात तीच घेतली असती तर निदान सांजोव्हेझे तरी प्यायला मिळाली असती.