‘फूड इन्टॉलरन्स’ची रक्ततपासणी: ४१,३३८ रुपयांचा रंगीत रिपोर्ट

आधी पैसे, कारण बाकी सगळं लोक विसरतात. कुठलं अन्न बाधतं ते रक्तावरून सांगतो म्हणणाऱ्या, २०० हून जास्त पदार्थांच्या पॅनेलचे, म्हणजे एकत्रित तपासणीचे, १४,९९९ रुपये. रिपोर्ट समजावून सांगायचे आणि तीन महिन्यांच्या डाएट प्लॅनचे ६,५००. प्रोबायोटिक, ग्लुटामिन आणि ‘आतड्याची दुरुस्ती’ करणाऱ्या पावडरीचे ९,८४०. तीन महिन्यांनी फेरतपासणी, ‘जुन्या ग्राहकांना सवलतीत’, ९,९९९. एकूण ४१,३३८. किन्वा आणि डब्यातलं बदामाचं दूध यावर जे उडाले ते यात धरलेले नाहीत.

सुरुवात सोसायटीतल्या मोफत आरोग्य शिबिरातून झाली. तिथून पुढे हे कसं सरकतं ते तुम्हाला माहीत आहे, सांगत बसत नाही. फक्त एवढंच, की ही तपासणी करून घेणाऱ्या आमच्या वहिनी भोळ्या नाहीत. दोन वर्षं पोट फुगत होतं. सोनोग्राफी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, आणि दर वेळी तीच ॲसिडिटीची गोळी आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला. अशा माणसाला कोणी म्हणालं, ‘तुमच्या रक्तातच उत्तर आहे’, तर तो पैसे देणारच. आणि मी लॅबच्या धंद्यातला. घरात कसली तपासणी चालली आहे असं विचारलं तेव्हा ‘ॲलर्जीची’ असं उत्तर मिळालं. ॲलर्जीची रक्ततपासणी खरोखर असते, त्यामुळे विषय तिथेच संपला. लॅबवाल्याच्या घरात हे घडलं, याची लाज कुठे मिरवायची नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता यात मोजतात काय ते पाहा. पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात, सीरम वेगळं करतात. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खाचेत एकेका पदार्थाचा अर्क चिकटवलेला असतो. त्यावर पातळ केलेलं सीरम घालतात. त्या पदार्थाविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं (शरीराची प्रतिकारयंत्रणा बनवते त्या प्रथिनांचा एक प्रकार) असतील तर ती तिथे धरून बसतात. मग धुणं, मग एन्झाइम जोडलेलं दुसरं प्रतिपिंड, परत धुणं, मग रंग येणारं द्रावण, शेवटी आम्ल घालून ४५० नॅनोमीटरवर रीडिंग. ही एलायझा नावाची साधी, नेहमीची पद्धत आहे. यंत्र खोटं बोलत नाही, तंत्रज्ञ खोटं बोलत नाही, आकडा बहुतेक वेळा बरोबरच असतो. म्हणूनच हे प्रकरण पकडायला इतकं अवघड जातं.

खोटा आहे तो अर्थ. आयजीजी, आणि विशेषतः तिचा आयजीजी-४ हा उपप्रकार, म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाल्याची नोंद. जे रोज खाल्लं जातं त्याची नोंद मोठी. युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संस्थेने, ईएएसीआयने, २००८ सालीच लिहून ठेवलं आहे की अन्नाविरुद्धची आयजीजी-४ ही वारंवार संपर्काची आणि सहन होत असल्याची खूण आहे, त्रासाची नाही, आणि अन्नाच्या तक्रारींसाठी ही तपासणी करू नये. अमेरिकेच्या संस्थेने त्याला दुजोरा दिला, कॅनडाच्या संस्थेने २०१२ मध्ये तेच सांगितलं. शेंगदाण्याची खरी ॲलर्जी असलेल्या मुलांना थोडा थोडा शेंगदाणा देऊन उपचार करतात तेव्हा मूल सुधारत जातं तशी त्याची आयजीजी-४ वाढत जाते. म्हणजे जो आकडा वाढणं तिथे बरं होण्याचं लक्षण, तोच इथे लाल रंगात छापून १४,९९९ ला विकतात.

लक्षात यायला हवं होतं ते रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर. त्या पानावर माझा अजून राग आहे. लाल रकान्यात काय होतं? गहू, दूध, दही, हरभरा, शेंगदाणा, लसूण, मोहरी. पिवळ्यात तूर, तांदूळ, टोमॅटो, बटाटा. हिरव्यात ऑक्टोपस, ऑयस्टर, टर्की, आर्टिचोक, क्रॅनबेरी. जन्मात अंडंही न खाल्लेल्या बाईला ऑक्टोपस बिनधास्त खायची परवानगी, आणि पोळीला बंदी! ते पान म्हणजे आमच्या किराणा दुकानाची महिन्याची यादी होती, खपाच्या क्रमाने लावलेली. आमच्या फडताळातल्या बरण्या बघून मी तोच रिपोर्ट फुकटात लिहून दिला असता. आणि तरी ते पान पाहून घरात सगळे म्हणाले, ‘बघ, रोज खातो तेच बाधतंय, म्हणून तर रोज त्रास होतो!’ इतकं चोख बसतं ते.

दुसरी खूण त्याच पानावर. पॅनेल परदेशी बाजारपेठेसाठी बनवलेलं. त्यात केल ही परदेशी पालेभाजी आहे, नाचणी नाही, आमसूल नाही, भगर नाही. डाएटवाल्या मॅडमनी सांगितलं, ‘जे तपासलं नाही ते सध्या टाळा.’ म्हणजे दूध बंद आणि नाचणीही बंद. प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, २५० मिली दुधातून साधारण ३००, शंभर ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिळतं. दोन्ही काढून हातात पावडर दिली. शाकाहारी घरात बी-१२ येतं ते जवळजवळ फक्त दुधादह्यातून, त्याबद्दल चकार शब्द नाही. आणि दूध लाल म्हणून साजूक तूपही बंद केलं, ज्यात दुधाचं प्रथिन आणि लॅक्टोज ही दुधातली साखर नावालाच उरते. त्यावरून तरी समोरच्या माणसाचा वकूब कळतो.

तिसरी खूण रिपोर्टच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात: ‘ही तपासणी रोगनिदानासाठी नाही.’ शिबिरातल्या फलकावर मात्र ‘मूळ कारण शोधा’. कुठलाही रिपोर्ट आधी शेवटच्या पानापासून वाचायला घ्या.

फेरतपासणीचा सापळा सगळ्यात हुशार. आयजीजीचं अर्धआयुष्य साधारण तीन आठवडे. पदार्थ तोंडाला लावला नाही, तर नवी प्रतिपिंडं कमी बनतात, जुनी विरत जातात, आणि तीन महिन्यांनी आकडा पडतोच पडतो. लालाचं पिवळं होतं, पिवळ्याचं हिरवं. ‘आतडं भरून येतंय’ असं सांगतात. तुम्ही गहू खाल्ला नाही एवढंच ते सिद्ध करतं, आणि ते वहिनींना ९,९९९ न देताही ठाऊक होतं. शिवाय त्या फेररिपोर्टमध्ये नवे लाल आले: किन्वा आणि बदाम. तीन महिने तेच खात होत्या ना! यावर उत्तर काय, तर ‘आता रोटेशन डाएट करू’. त्याचे वेगळे पैसे.

पण बरं वाटलं ना, असं विचाराल. वाटलं, पहिले तीन आठवडे. गहू आणि लसूण बंद केले की फ्रुक्टान नावाची साखळी-साखर पोटात कमी जाते, हरभरा बंद केला की त्याच्या जातीची दुसरी कमी जाते, आतड्यातले जंतू कमी वायू करतात, पोट कमी फुगतं. बिस्किटं, फरसाण, बाहेरचं खाणंही आपोआप सुटतं. यात प्रतिपिंडांचा काही संबंध नाही. दहा-पंधरा नेहमीचे पदार्थ कोणाचेही काढले तर त्यातला एखादा खराखुरा बाधणारा निघतोच, आणि श्रेय रिपोर्टला जातं.

खरं शोधायचं असेल तर रस्ता वेगळा आणि बराच स्वस्त आहे. दुधाचा संशय असेल तर रक्त देऊच नका. लॅक्टोज पचत नाही ते लहान आतड्यातलं ती साखर फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम कमी पडल्यामुळे, त्याची प्रतिपिंडं नसतातच. दोन आठवडे दूध बंद करा, मग एका सकाळी उपाशीपोटी २५० मिली साधं दूध घ्या. त्यात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. चार-सहा तासांत पोट काय म्हणतं ते लिहून ठेवा. दही चालतं पण दूध चालत नाही, हा तर घरबसल्या मिळणारा पुरावा. कागदावर हवं असेल तर हायड्रोजन ब्रेथ टेस्ट करा: आदल्या रात्री साधा भात, मग बारा तास उपास, २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून, दर अर्ध्या तासाने फुंकर, तीन तास. मूळ आकड्यापेक्षा २० पीपीएम वर गेलं तर पॉझिटिव्ह. मागच्या चार आठवड्यांत ॲन्टिबायोटिक घेतलं असेल तर पुढे ढकला. काही जणांच्या पोटात हायड्रोजनऐवजी मिथेन बनतो, म्हणून दोन्ही मोजणारं यंत्र आहे का ते फोनवरच विचारा.

गव्हाचा संशय असेल तर सीलिएक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) आधी तपासा, आणि गहू बंद करायच्या आधी. त्याची रक्ततपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा आणखी एक प्रकार). एकूण आयजीए मुळातच कमी असेल तर टीटीजी खोटी निगेटिव्ह येते, तेव्हा मात्र आयजीजी प्रकारची सीलिएक तपासणी करतात. ती वेगळी आणि योग्य आहे, या पॅनेलशी तिची गल्लत करू नका. आमच्याकडे नुकसान झालं ते इथे. तीन महिने गहू सोडल्यावर टीटीजीला अर्थ राहिला नाही. आता वहिनींना सहा ते आठ आठवडे रोज पोळी खाऊन, पोट फुगवून घेऊन, मग रक्त द्यायचं आहे. लागल्यास नंतर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा. पुण्या-मुंबईत ‘सहज ग्लूटेन सोडून बघा’ असं सांगणाऱ्यांना ही गोष्ट कोणीतरी ऐकवा.

अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास लागणं, तेही खाल्ल्यावर मिनिटांत ते दोन तासांत, ही खरी ॲलर्जी. ती आयजीई या वेगळ्याच प्रकारच्या प्रतिपिंडांची. त्यासाठी ॲलर्जी तज्ज्ञाकडची त्वचेवरची प्रिक टेस्ट, जिचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत दिसतो (ॲलर्जीच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद हव्यात), किंवा नेमक्या पदार्थाची स्पेसिफिक आयजीई ही रक्ततपासणी. संशय असलेल्या दोन-तीन पदार्थांचीच करा. शंभराचं आयजीई पॅनेल लावणाराही तुमच्या खिशावरच डोळा ठेवून आहे. आणि आयजीजीच्या कागदावर शेंगदाणा हिरवा आला म्हणून शेंगदाण्याची खरी ॲलर्जी असलेल्या पोराला लाडू भरवू नका. जीव जाऊ शकतो. केस पाठवून, हातात धातूची कांडी देऊन, दंड दाबून इन्टॉलरन्स सांगणाऱ्यांबद्दल शाई वाया घालवत नाही.

कांदा-लसूण-गहू-कडधान्यांनी फुगत असेल तर मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेला लो-फॉडमॅप आहार (फ्रुक्टानसारख्या वायू करणाऱ्या साखरा कमी असलेला), जाणत्या आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. दोन ते सहा आठवडे कमी, मग एकेक परत सुरू. परत सुरू करणं हाच त्यातला महत्त्वाचा भाग, आणि पावडर विकणारा तो कधीच सांगत नाही. फ्रुक्टान तेलात उतरत नाहीत, म्हणून लसूण फोडणीत परतून काढून टाकला तर वास राहतो, त्रास बहुधा राहत नाही.

आता तक्रारीचं. एका कार्यालयात म्हणाले, आमच्याकडे अन्न आणि औषधं, तपासणी नाही. पावडरीवर परवाना क्रमांक आहे, म्हणजे तीही ठीक. दुसरीकडे म्हणाले, सही करणारा डॉक्टर नोंदणीकृत आहे, आणि आकडा चुकला असं तुम्ही स्वतःच म्हणत नाही, मग आम्ही काय करू? डाएट सांगणारी डॉक्टर नाही, म्हणून ती त्यांच्या कक्षेतच नाही. पोलिसांत म्हणाले, पैसे खुशीने दिलेत, रिपोर्ट मिळाला, फसवणूक कुठे झाली? ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, कंपनीकडे पाठवली, कंपनीने ‘सेवा दिली आहे’ असं कळवलं, तक्रार निकाली. निकाली! विचारलंही नाही. दवाखाने-लॅबच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि राज्याचा १९४९ चा नर्सिंग होमचा कायदा रक्त गोळा करणाऱ्या कलेक्शन सेंटरसाठी लिहिलेलाच नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलापुरतं बरोबर सांगितलं, आणि सगळी टेबलं मिळून धंदा राजरोस चालू आहे.

एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा शिक्का पाहून भुलू नका. ती मान्यता ऐच्छिक असते आणि एकेका तपासणीपुरती असते. प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन त्यांच्या संकेतस्थळावर लॅबच्या ‘स्कोप’मध्ये हीच तपासणी आहे का ते बघा. असली तरी त्याचा अर्थ मोजमाप नीट होतं एवढाच. ते मोजून उपयोग काय, हे तिथे कोणी तपासत नाही.

उरतो जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्याखाली. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. तक्रारीत ‘रिपोर्ट चुकीचा’ असं लिहू नका, तिथेच हराल. ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ आणि ‘सेवेतली त्रुटी’ असं लिहा. शिबिराच्या फलकाचा फोटो, व्हॉट्सॲपवरचा ‘मूळ कारण सापडेल’ हा मेसेज, आणि शेवटच्या पानावरची ती बारीक ओळ शेजारी शेजारी जोडा. २००८ आणि २०१२ ची निवेदनं छापून लावा. पैसे यूपीआयने दिले असतील तर व्यवहार क्रमांकांसकट स्टेटमेंट काढा. रोख दिले असतील आणि पावती नसेल तर आजच मागून घ्या, नोटीस गेल्यावर देत नाहीत.

नोटीस गेली की चौथ्या-पाचव्या दिवशी गोड आवाजात फोन येतो. फेरतपासणीचे ९,९९९ परत देतो, फक्त एका कागदावर सही करा. त्या कागदातलं पाचवं कलम वाचा: ‘या सेवेबद्दल कुठेही, कोणत्याही माध्यमात लिहिणार नाही.’ आमचा कागद कोराच परत गेला आहे.