हेक्स कसं काढावं, बाइट कसे मांडावेत

कुपवाड एमआयडीसीत पॅनेलचं काम शिकायला येणारी मुलं मीटरचं रीडिंग कॉम्प्युटरवर घेताना नेमकी इथंच अडकतात: आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, कसा काढायचा आणि त्याचे बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे तुकडे, कुठल्या क्रमाने मांडायचे. उदाहरणाला सांगलीचाच पिनकोड घेऊ: ४१६४१६.

एक रीत सोळाने भागत जायची. बाकी येते ०, १०, १०, ५ आणि शेवटी ६. दहाला ए, अकराला बी, असं पंधराला एफपर्यंत. बाक्या खालून वर वाचल्या की ६५एए०. दुसरी रीत २५६ ने भागायची: बाकी १६०, मग ९०, उरले ६. इथं प्रत्येक बाकी म्हणजे अख्खा बाइट, हेक्समध्ये ए०, ५ए, ०६. नुसता आकडा हवा असेल तर सोळाची रीत सोपी. बाइट पुढे पाठवायचे असतील तर मी २५६ चीच सांगेन, सुटे बाइट आयते हातात येतात.

आता मांडणी. चार बाइटांत बिग एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) म्हणजे ०० ०६ ५ए ए०, लिटल एंडियन (लहान किमतीचा आधी) म्हणजे ए० ५ए ०६ ००. लिटलमध्ये बाक्या निघाल्या त्याच क्रमाने बसतात. आपलंच बघा ना, २५ लिहिताना दोन आधी, म्हणताना मात्र 'पंच' आधी आणि 'वीस' मागून. आणि उलटतात ते फक्त बाइट. ए० चं ०ए कधीच होत नाही. ही चूक फार होते.

इंटेलचे प्रोसेसर लिटल, टीसीपी-आयपीचे, म्हणजे इंटरनेटवरच्या पॅकेटांचे, हेडर बिग. मॉडबस ही मीटर आणि कॉम्प्युटरची बोलायची एक पद्धत; तिच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे दोन बाइटांच्या कप्प्यात, मोठ्या किमतीचा बाइट आधी येतो, पण ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत असला की कुठलं आधी हे मीटरगणिक बदलतं. रजिस्टरं उलटी लागली की ४१६४१६ च्या जागी १५२०४३५२०६ दिसतं. असाच आकडा बघून मी एकदा अर्धा दिवस वायरिंग तपासत बसलो होतो.

मीटर विकतचं असेल तर मॅन्युअलमधला तक्ता सांगेल तोच क्रम. तासगावच्या द्राक्षबागेतल्या ओलाव्याच्या सेन्सरचं पॅकेट स्वतः ठरवत असाल तर बिग घ्या; रानात उभं राहून मोबाइलवर बाइट बघितले तरी आकडा सरळ वाचता येतो. दोन्ही टोकांना लिटल प्रोसेसर असतील आणि डेटा प्रचंड असेल, तरच लिटल. तपासताना दोन बाइटांत २५७ पाठवू नका, ०१ ०१ उलटसुलट सारखंच दिसतं. चार बाइटांत पिनकोड पाठवा.