आठ महिने, एक प्रोजेक्टर आणि आईसोबतचे शनिवार

मागच्या दिवाळीत घेतलेला प्रोजेक्टर वापरून आता आठ महिने झाले. घ्यायच्या आधी मी चार जणांना विचारलं, तर प्रत्येकाने त्यावर मॅच कशी दिसते तेवढंच सांगितलं. मला जगभरचे जुने सिनेमे बघायचे होते, तेही आईसोबत. त्याबद्दल सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून मीच लिहिते आहे.

आधी यंत्राचं. खोक्यावर ‘४के सपोर्ट’ असं ठळक लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की तो ४केची, म्हणजे खूप बारीक तपशिलाच्या चित्राची, फाइल वाचतो. भिंतीवरचं चित्र त्याहून कमी तपशिलाचं, १०८०पीचं, स्वस्त मॉडेलांत तर ७२०पीचंच पडतं. तेव्हा दुकानात ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’, म्हणजे यंत्र स्वतः किती तपशिलाचं चित्र पाडतं, ते विचारा. उजेडाचंही तेच. नुसत्या ल्युमेन्सच्या आकड्यावर जाऊ नका, ‘अ‍ॅन्सी ल्युमेन्स’ विचारा, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड. माझा रात्री पडदे ओढले की छान चालतो, दुपारी मात्र काही उपयोग नाही. काळा रंग करडा दिसतो. आतला स्पीकर अगदीच बारीक आहे, मी पहिल्याच आठवड्यात बाहेरचा जोडला. एप्रिल-मेमध्ये पंखा जोरात फिरायला लागतो आणि शांत सिनेमात तो आवाज टोचतो. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ते ताणून भिंतभर करू नका, माणसं बुटकी दिसतात.

पडदा मी घेतला नाही. पुण्यात, कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत मोकळी होती, तिच्यावरचं कॅलेंडर आणि खिळा काढला. खाली गादी टाकली, तक्के लावले.

कॉलेजात असताना मी लॉ कॉलेज रोडवर, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात खेळांना जायची. १९६४ साली सुरू झालेली ती संस्था आपल्या गावात आहे याचं मला अजून अप्रूप वाटतं. तिथे अंधारात शेजारी अनोळखी माणूस असायचा, त्यामुळे रडू आलं तरी चालायचं. मग नोकरी लागली, संसार झाला आणि सिनेमा मोबाइलवर आला. मोबाइलवर मी खूप पाहिलं, पण दहा वर्षांत एकदाही डोळ्यांत पाणी आलं नाही. माझ्यातलंच काही आटलं असं मी धरून चालले होते.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. ती सातवीपर्यंत शिकलेली, मराठी पेपर रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, पण इंग्रजी सबटायटल्स तिला वाचता येत नाहीत. म्हणून मी तिच्या कानाशी बसून मराठीत सांगते. (सबटायटल्स पिवळी, काळ्या कडेची आणि एक आकार मोठी करून घ्या. पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरं दिसत नाहीत.) सांगायचं असल्याने मला भिंतीवरून डोळे काढताच येत नाहीत, फोन स्वयंपाकघरात ठेवलेला असतो. आणि परक्या माणसाचं वाक्य आपल्या तोंडून, आपल्या भाषेत म्हणावं लागलं की ते नुसतं वाचल्यासारखं राहत नाही. पहिल्या महिन्यात दोनदा माझा आवाज मध्येच बसला.

जपानी दिग्दर्शक ओझूचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ आम्ही जानेवारीत पाहिला. त्याचा कॅमेरा खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीला असतो. आम्हीही गादीवरच बसलेलो. आई म्हणाली, “आपण त्यांच्याच घरात बसलोय गं.” म्हातारं जोडपं ओनोमिचीहून टोकियोला मुलांकडे येतं. मुलं कामात, म्हणून आई-वडिलांना आतामीला गरम झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. तिथल्या गोंगाटात त्यांना झोप लागत नाही. सकाळी दोघं समुद्राकाठच्या बांधावर बसलेली असतात आणि उठताना आजीला भोवळ येते.

तिथे माझं वाचणं थांबलं. तीन वर्षांपूर्वी बँकेत ऑडिट होतं, तेव्हा मी आई-बाबांना अष्टविनायकाच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. खर्च मी केला, सगळ्यांना तसं सांगितलंही. बाबा परत आले ते पाय सुजवून, आणि “छान झालं दर्शन” एवढंच म्हणाले. मला त्या अंधारात आईकडे बघवेना. थोड्या वेळाने आईच त्या मुलीबद्दल बोलली, जिचं केस करून देण्याचं दुकान असतं आणि जी सगळ्यांत फटकळ आहे. “ती काही वाईट नाही हो. दुकान टाकून कशी येईल?” सिनेमा संपेपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. बसचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

इराणी दिग्दर्शक कियारोस्तामीचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ (१९८७) मात्र निवांत गेला. फारसीत मध्येच ‘दोस्त’ ऐकू आलं आणि आई खुलली. मग ‘खाने’ म्हणजे घर, आपल्या दवाखान्यातला, कारखान्यातला खाना तोच, असं तिला सांगितलं. दोस्ताची वही परत करायला तो मुलगा टेकडीवरच्या नागमोडी वाटेने धावतो, तेव्हा ती गुडघे दाबत “पोचू दे रे बाबा” म्हणत होती.

सगळ्यांत खोल गेला तो इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’, १९४८ सालचा. मी तो आधी दोनदा पाहिलेला. रोममध्ये भित्तिपत्रकं चिकटवायची नोकरी मिळते, पण त्यासाठी सायकल हवी. सायकल गहाण पडलेली, ती सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. तिथला माणूस ते गाठोडं घेऊन उंच फळ्यांवर चढत जातो आणि छतापर्यंत रचलेली तसलीच गाठोडी दिसतात. आईने मला ते मागे घ्यायला लावलं. “एवढ्या घरच्या चादरी,” ती म्हणाली. मी दोन्ही वेळा ते गाठोडं पाहिलं होतं, घरं पाहिली नव्हती.

सायकल चोरीला गेली तेव्हा ती सरळ बसली. “ह्यांची पण गेली होती. मंडईतून. बिल्ला लावलेली, नवे टायर घातलेली.”

मला हे माहीतच नव्हतं. बाबा नारायण पेठेतून खडकीला कारखान्यात सायकलने जायचे. सायकल गेल्यावर ते दीड महिना चालत गेले, पहाटे पाचला निघून. “तुझी दहावी होती, तुला सांगायचं नाही म्हणाले.” मला आठवलं ते एवढंच, की त्या वर्षी ते क्लासला घ्यायला यायचे बंद झाले. चेन दुरुस्तीला टाकली आहे, असं सांगितलं होतं. मी रुसून बसले होते.

शेवटी तो बाप स्वतःच एक सायकल उचलतो, पकडला जातो, मुलगा ते सगळं बघतो, आणि मग गर्दीत चालता चालता त्याचा हात धरतो. तिथे वाचायला काही नव्हतंच. आम्ही दोघी रडलो, आणि दिवा लावायला कुणीही उठलं नाही. बाबा गेल्यानंतर आम्ही एकत्र अशा रडलो नव्हतो. घरात माणसं होती, विधी होते, फोन होते.

पुन्हा घेईन का? हो, पण लेन्सचा भाग धुळीपासून बंद असलेला बघून घेईन. माझ्या यंत्रात आत धूळ गेली आहे आणि उजव्या कोपऱ्यात खाली एक करडा डाग दिसतो. दुरुस्तीवाल्याने उघडून साफ करायला दोन आठवडे लागतील म्हणून सांगितलं. आईला कळवलं तर तिने विचारलं, “म्हणजे दोन शनिवार?”

अजून दिलेला नाही.