सरावपुस्तिका चांगली, पण उत्तरं आंधळेपणाने मानू नका

नातवासाठी अप्पा बळवंत चौकातून ही इंग्रजी व्याकरणाची पुस्तिका आणली, १२० रुपयांना. तो पाचवीत, मराठी माध्यमात. वाक्यातलं कर्म, म्हणजे क्रिया ज्याच्यावर घडते ते, ओळखायची रीत सोपी आहे: क्रियापदाखाली रेघ मारायची, मग त्यालाच 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारायचं. उत्तर मिळालं की त्याभोवती गोल. 'द कॅट चेस्ड द माउस.' कोणाला? माउस. तासाभरात स्वारी तरबेज!

घोळ उत्तरांच्या पानावर. 'शी वेंट होम'मध्ये 'होम'ला कर्म ठरवलंय. अहो, ते 'कुठे?'चं उत्तर, इथे कर्म नाहीच. 'माय अंकल बिकेम अ डॉक्टर'मध्येही 'डॉक्टर'भोवती गोल. काका आणि डॉक्टर एकच माणूस, मग क्रिया घडली कोणावर? मी तीस वर्षं शाळेत शिकवलं म्हणून खटकलं, बाकी आईबापांनी काय करायचं?

आणि मराठी मुलाला जे सांगायलाच हवं, ते पुस्तकात नाही. 'उंदराला मांजराने पकडलं' म्हणा की उलटं, 'ला'मुळे कर्म कळतं. इंग्रजीत जागा बदलली की उंदीरच मांजराच्या मागे लागतो. नातवाने विचारलं, "आजी, आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, मग तिकडे दोन्हीला 'एट'च कसं?" प्रश्न फक्कड होता. मराठीत इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, इंग्रजीत नाही, हे मलाच वहीत लिहून द्यावं लागलं.

कागद पातळ आहे, शाईपेन उमटतं. पेन्सिलच द्या.