मोहापासून वाचवणारं अ‍ॅप: 40 दिवसांचा बॅज मिळाला आणि 43व्या रात्री मी पडलो

5 पैकी 3 स्टार, आणि त्यातले 2 फक्त रिपोर्टच्या फीचरला. नाव घेत नाही, कारण अशी बरीच अ‍ॅप्स आहेत आणि साधारण सगळी अशीच चालतात. ज्या साइट्सपासून लांब राहायचंय त्या ब्लॉक होतात, आपण निवडलेल्या माणसाला रोज रिपोर्ट जातो, आणि वर एक काउंटर असतो, आज कितवा दिवस ते दाखवणारा. माझा नाद ऑनलाइन बेटिंगचा. लिहायला लाज वाटतेय, पण ते लपवून रिव्ह्यू लिहिण्यात काय अर्थ आहे.

ब्लॉकिंग चांगलं आहे, बॅटरी थोडी खातं, पण चालतं. प्रॉब्लेम असा की अख्खं अ‍ॅपच काढून टाकायला दोन मिनिटं पुरतात. "नक्की काढायचंय का" असं विचारतं, खाली मत्तय 5:29 येतं, उजवा डोळा पाप करायला लावत असेल तर तो उपटून टाक, आणि त्याच्याच खाली "पुढे जा" बटण! एवढं कडक वचन आणि ते ओलांडायला एक टॅप. येशूने रानात सैतानाला तिन्ही वेळा बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिलं, ती त्याच्या आत होती म्हणून. माझ्या आत त्या रात्री काहीच नव्हतं, उगाच अ‍ॅपला किती दोष देऊ.

बॅज मात्र बंदच करा राव. 40 दिवस झाले की स्क्रीनवर रंगीत कागद उडतात आणि "विजयी" असं येतं, आणि आपण खरंच तसं समजायला लागतो. लूक 4:13 वाचा. परीक्षा संपल्यावर सैतान संधी मिळेपर्यंत येशूला सोडून गेला. संधी मिळेपर्यंत! प्रभूची ही गोष्ट, आणि मला वाटलं आपलं प्रकरण मिटलं. 43व्या रात्री झोप येत नव्हती, कुठली मोठी मॅच पण नव्हती, म्हटलं नुसतं बघू. यहोशवाच्या 7व्या अध्यायात लुटीतलं सोनं चोरणारा आखान कबुली देतो ना, पाहिलं, लोभ सुटला, घेतलं, तंबूत पुरलं, अगदी त्याच क्रमाने झालं. फक्त पुरायच्या जागी मी हिस्ट्री डिलीट केली. आणि आखान पकडला जायच्या आधी त्याच्या पापापायी आय नगरापुढच्या लढाईत 36 माणसं मेली होती, त्यांनी ते सोनं बघितलं पण नसेल. माझं पाप माझ्यापुरतं, असं मी कित्येक वर्षं म्हणत होतो.

सकाळी अ‍ॅप परत टाकलं तर काउंटर 0. इथे माझी खरी तक्रार आहे. 42 दिवस एका फटक्यात गायब झाले की डोकं म्हणतं आता शून्यच आहे तर आजचा दिवस पण खेळून घे, आणि मी खेळलो, रात्रीपेक्षा जास्त घालवले. मग दुसऱ्या दिवशी तोच काउंटर 1 दाखवतो, हिरवी टिक, जसं काही घडलंच नाही. अहो पण घडलंय ना! बायकोने मुलांच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते. मी फार भक्तिभावाने तिला म्हणालो की देवाने मला क्षमा केलीये. ती म्हणाली, "करेलच. पैसे त्याचे थोडीच होते."

यावर बोलता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून 2 शमुवेल उघडलं. दावीद राजा आणि बथशेबा सगळ्यांना माहीत असतं, पण 12व्या अध्यायातलं 13वं आणि 14वं वचन लागोपाठ वाचून बघा. दावीद म्हणतो मी पाप केलंय, नाथान संदेष्टा तिथल्या तिथे सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. आणि पुढच्याच वचनात, पण तुझं मूल मरेल. क्षमा खरी आहे, कमी-जास्त काही नाही, आणि दावीदाने मारवलेला बथशेबाचा नवरा उरीया तरी परत येत नाही. पुढे दावीदाचीच मुलं अम्नोन, अबशालोम, घरातच तलवार. अ‍ॅपला यातलं एकही कळत नाही, पडल्यावर सगळं पुसतं आणि उठल्यावर पण सगळं पुसतं.

आता ते 2 स्टार. अ‍ॅप काढलं की आपल्या माणसाला मेसेज जातो. माझ्यासाठी तो चर्चच्या मंडळीतला एक मित्र आहे, त्याने सकाळी सहाला फोन केला, उपदेश नाही, वचन नाही, फक्त "किती गेले?" आणि "वहिनीला सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं. त्या दिवशी परत घसरलो, पण संध्याकाळी सांगितलं, ते त्याच्या दुसऱ्या प्रश्नामुळेच. याकोब 5:16 मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हटलंय, त्यात फोनसमोर असं कुठे लिहिलंय.

बनवणाऱ्यांना विनंती, काउंटर लपवायचा ऑप्शन द्या, आणि काढून टाकायला निदान 24 तास लागतील असं काहीतरी करा. तोपर्यंत अ‍ॅपचा पासवर्ड आणि बँकेचे मेसेज दोन्ही बायकोकडे आहेत. तिने मागितले नव्हते, मी दिले. रिपोर्ट आता तिलाही जातो आणि ती तो रोज उघडून बघते. अजूनही.