खडी की तराफा? शाळेतल्या ॲक्वापोनिक्ससाठी

शाळेत मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवायची ठरली की वाद इथेच अडतो: खडीचा वाफा की रोपं घेऊन पाण्यावर तरंगणारा थर्माकोलचा तराफा? आम्ही दोन्ही चालवलेत. पहिल्या वर्षी तराफा, आता खडी.

तराफ्याची मजा मुळांत आहे. आठवीतली पोरं थर्माकोल उचलून लेट्यूसची वीतभर लांब, पांढरी मुळं बघतात आणि निम्मा धडा तिथेच होतो. पालेभाजीही मला तराफ्यावर चार दिवस लवकर आल्यासारखी वाटली. मोजलं नाही, पण वाटलं खरं.

पण ते गाळणीचं पिंप! माशांची घाण मुळांना चिकटली की मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात, म्हणून तराफ्याच्या आधी गाळणी लागतेच. आमच्या पिंपात जाळ्याचे तुकडे होते, ते आठवड्यातून दोनदा धुवायचे. पहिल्या महिन्यात धुवायला पोरांची रांग. तिसऱ्या महिन्यात ज्या गटाची पाळी, तोच नेमका गैरहजर. मग बाह्या सरसावून मीच. दिवाळीच्या सुट्टीत जाळी तुंबली, पिंप वरून वाहायला लागलं आणि मोटार माशांच्या टाकीतलं पाणी उपसत राहिली. शिपाईमामांनी पाहिलं तेव्हा टाकीत वीतभर पाणी उरलं होतं. कोई मासे वाचले, माझा तराफ्याचा उत्साह मात्र गेला.

खडीत वेगळी गाळणी नाही. घाण तिथेच अडकते, तिथेच कुजते आणि अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणूही त्याच दगडांवर बसतात. मूठभर गांडुळं सोडली की उत्तम. माशांची संख्या मात्र बेताची ठेवा. फूटभर खोल वाफा पाण्याने भरतो आणि सायफन, म्हणजे पाणी ठरावीक उंचीला आलं की ते आपोआप ओढून काढणारी नळी, घळघळ करत तो रिकामा करतो. पोरं घड्याळ लावून बसतात.

खडीलाही खोडी आहेत. कच जाईपर्यंत धुताना कंबर मोडते. प्रयोगशाळेतल्या सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकून पाहा. फेस आला तर ती खडी नको, पाण्याचा सामू चढत राहतो. पुदिना सायफनजवळ लावू नका, मुळं आत शिरतात.

जिवाणू बसायला महिना-सव्वा महिना दोन्हीकडे लागतो, तोवर माशांना हात आखडूनच खायला घाला. वसतिगृहाची शाळा असेल, सुट्टीतही कुणीतरी असेल, तर तराफा जरूर करा. नसेल तर मी खडीच म्हणेन. सायफन न सुटता नुसता झिरपत राहिला, तर आवकेचा व्हॉल्व्ह पाव फेरा उघडा. आमचा तेवढ्यावर सुटतो.